मुंज कोणाची आणि मुंज्याचे भय कोणाला?

संस्थेच्या स्मरणिकेत शिक्षकाने लिहावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. संस्थेची वाटचाल, निकालांची परंपरा, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शैक्षणिक विचार. हे विषय महत्त्वाचे आहेतच आणि या अंकात अधिकारी व्यक्तींनी त्यांवर लिहिलेही असेल. मी मात्र एका भुतासंबंधी लिहिणार आहे. गेल्या काही दिवसांत आपल्या वसतिगृहातील मुलामुलींच्या तोंडी ज्या चित्रपटाचे नाव वारंवार येते, तो एका भुताचा चित्रपट आहे. आपली मुले काय वाचतात याची चौकशी आपण करतो. ती कशाला भितात, याचीही चौकशी शिक्षकाने केली पाहिजे, असे मला वाटते.

हा चित्रपट म्हणजे ‘मुंज्या’. ७ जून २०२४ रोजी तो प्रदर्शित झाला. भाषा हिंदी असली तरी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मराठी आहेत, कथा कोकणात आणि पुण्यात घडते आणि तिचा आधार अस्सल मराठी लोकसमजुतीचा आहे. कोणताही मोठा नायक नसताना या चित्रपटाने शंभर कोटी रुपयांहून अधिक कमाई केली.  दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या आपल्या मुलांनी तो मोबाईलवर पाहिला आणि परत आल्यावर न पाहिलेल्यांना रंगवून सांगितला.

यावर पालकांत आणि सहकाऱ्यांत दोन मते ऐकू येतात. पहिले असे, की बौद्ध संस्थेच्या शाळेत भुताखेतांच्या चित्रपटाचे नावही निघू नये. मुलांवर कडक बंदी घालावी. दुसरे असे, की ही निव्वळ करमणूक आहे. दोन रात्री मुले घाबरतील आणि तिसऱ्या दिवशी विसरतील. ही दोन्ही मते मला मान्य नाहीत. बंदीने भीती जात नाही, ती पांघरुणात शिरते. आणि ज्या गोष्टीने लक्षावधी मुलांच्या मनात घर केले ती निव्वळ करमणूक आहे असे म्हणणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी शोभत नाही.

प्रथम कथा पाहू. १९५२ साली कोकणातील एका गावात गोट्या नावाचा ब्राह्मण मुलगा मुन्नी या मुलीवर जीव लावतो. ती त्याच्याहून वयाने बरीच मोठी आहे. त्याचा हट्ट मोडावा म्हणून घरचे त्याची मुंज लावतात. मुन्नीचे लग्न दुसऱ्याशी होते. तेव्हा हा मुलगा तिला मिळविण्यासाठी जादूटोण्याचा मार्ग धरतो आणि आपल्या धाकट्या बहिणीचाच बळी देण्यासाठी तिला रानात नेतो. त्या झटापटीत तोच मरतो. मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत मेल्यामुळे त्याचा मुंज्या होतो आणि झाडाशी बांधला जातो. पुढे कित्येक वर्षांनी त्याच घराण्यातील बिट्टू नावाच्या बुजऱ्या मुलाच्या मानगुटीवर तो बसतो आणि मुन्नीच्या नातीशी, बेलाशी, लग्न लावून देण्याचा हट्ट धरतो. भय आणि विनोद यांचे मिश्रण चित्रपटात चांगले साधले आहे. ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या कथेच्या मुळाशी जी समजूत आहे, तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि चित्रपटाने तो विचारलेला नाही. भुतांनाही जात का असते?

१९१५ साली मुंबईत इंग्रजीतून कोकणच्या लोकसमजुतींची एक टिपणवही प्रसिद्ध झाली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी तिची सामग्री जमविली होती. १९०९ साली त्यांची हत्या झाली. पुढे एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती सामग्री संकलित केली. या वहीतील माहिती मोठ्या प्रमाणात गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठविलेली आहे. आमच्याच व्यवसायातील त्या पूर्वसूरींनी भुतांची जी यादी दिली, ती वाचताना मनुष्यगणनेचा तक्ता वाचत असल्याचा भास होतो. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मण मुलगा मेला तर मुंजा. विद्येचा गर्व असलेला ब्राह्मण मेला तर ब्रह्मग्रह. शूद्र मेला तर देवचार. मुसलमानाचे भूत खवीस. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. मनुष्य मरतो, पण त्याचा वर्ण मरत नाही. बाईचे बाईपण आणि तिचे वैधव्यही मरत नाही. गावात ज्याची जी पायरी, तीच स्मशानात. जातिव्यवस्थेने परलोकातही वस्त्या पाडल्या होत्या, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता मुंजीकडे वळू. मुंज म्हणजे उपनयन. तो घरगुती समारंभ एवढाच नव्हता. विद्येच्या, यज्ञाच्या आणि सामाजिक प्रतिष्ठेच्या दारावरची ती चौकी होती. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमके याच विधीवर बोट ठेवले आहे. शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते. ब्राह्मणांनी त्यांचे उपनयन करण्याचे नाकारले आणि त्या नकारातून त्यांची अधोगती होऊन चौथा वर्ण निर्माण झाला, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. उपनयन गेले की वेदाध्ययन गेले, यज्ञाचा अधिकार गेला आणि त्याबरोबर मानही गेला. हा केवळ प्राचीन काळचा वाद नव्हे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक होण्यापूर्वी, वयाची चाळिशी ओलांडलेल्या शिवछत्रपतींची मुंज गागाभट्टांना करावी लागली. स्वराज्य उभारणाऱ्या पुरुषालाही आधी त्या चौकीवर थांबावे लागले. पुढे १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर राजर्षी शाहू महाराजांसाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघडकीस आले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. छत्रपतींची ही कथा, तर गावकुसाबाहेरच्या माणसाच्या मुंजीची गोष्ट काढण्याचेही कारण नव्हते.

आणि तरीही आपल्या वस्तीतील मुलाला मुंज्याची भीती वाटते! या एका गोष्टीचा विचार प्रत्येक पालकाने स्वस्थ बसून करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. ज्या समाजाला मुंजीचा अधिकार कधी मिळाला नाही, त्या समाजाच्या मुलाला मुंज्याचे भय मात्र वारशाने मिळाले. विहिरीवरचे पाणी नाकारले गेले, विहिरीवरचा मुंजा तेवढा सर्वांसाठी खुला राहिला. संस्कृतीचे वर्चस्व म्हणतात ते असे चालते. ते हक्क वाटत नाही, पण भीती उदारपणे वाटते.

चित्रपटात या विषयाचा उच्चार नाही. तेथे मुंज ही एका हट्टी मुलाला ताळ्यावर आणण्याची युक्ती होऊन जाते. गावात अन्य जातीची माणसे असतील, त्यांचे देव, त्यांची भीती, त्या घराण्याशी असलेले त्यांचे संबंध असतील, पण कथेला त्यांची गरज वाटलेली नाही. चित्रपटात कोण आहे याइतकेच कोण नाही हेही पाहिले पाहिजे. प्रतिनिधित्वाचा प्रश्न संसदेपुरता नसतो, तो कथेतही असतो.

तथापि न्याय करावयाचा तर पूर्ण करावा. या चित्रपटात एक गोष्ट मला मोलाची वाटली. मुंज्याचे भूतपण त्याच्या सुळ्यांत नाही, ‘नाही’ हा शब्द ऐकू न येण्यात आहे. मुन्नीची इच्छा काय, बेलाची इच्छा काय, हे त्याला विचारावेसे वाटत नाही. तिला मिळविण्यासाठी बहिणीचा बळी द्यावा, असे त्याला सहज वाटते. म्हणजे एक मुलगी मिळविण्याची वस्तू आणि दुसरी मुलगी त्या वस्तूची किंमत. एकतर्फी प्रेमातून मुलींवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा हा मुंज्या पिंपळावर राहत नाही, तो नववी-दहावीच्या वर्गातही बसलेला असू शकतो, हे ध्यानात येते. आपल्या मुलांनी हा चित्रपट हसत हसत पाहिला असेल, तर त्यांच्याशी या एका मुद्द्यावर गंभीरपणे बोलण्याची संधी तोच देतो.

येथे मला नागराज मंजुळे यांच्या ‘फॅण्ड्री’ची आठवण होते. २०१४ साली तो चित्रपटगृहांत आला. त्यातील जब्या हा कैकाडी समाजाचा शाळकरी मुलगाही न मिळणाऱ्या मुलीसाठी जादूटोण्याकडे वळतो. काळी चिमणी पकडून, ती जाळून, तिची राख शालूवर टाकली की शालू आपली होईल, असे त्याला सांगितलेले असते. गोट्या आणि जब्या यांचे वय जवळपास एकच आणि भ्रमही एकाच जातीचा. परंतु एकाच्या वाटेत वय आड येते आणि दुसऱ्याच्या वाटेत जात. एकाचे भूत होते आणि शंभर कोटींचा प्रेक्षक त्याला पाहून किंचाळतो. दुसरा जिवंत राहतो, सर्व गावासमोर डुक्कर पकडतो आणि ते डुक्कर शाळेच्या भिंतीवरील महामानवांच्या चित्रांसमोरून वाहून नेतो. ‘फॅण्ड्री’त भूत नाही. तरी मला विचाराल तर त्यातील ती मिरवणूक ‘मुंज्या’तील कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक भयंकर आहे. कारण चित्रपट संपल्यावरही ती संपत नाही.

आणखी एक विसंगती सांगण्यासारखी आहे. ‘मुंज्या’त भूत उतरविणाऱ्या मांत्रिकाची भूमिका सत्यराज या तमिळ अभिनेत्याने केली आहे. हेच सत्यराज २००७ सालच्या ‘पेरियार’ या तमिळ चित्रपटात पेरियार रामस्वामी यांच्या भूमिकेत होते आणि स्वतःही विवेकवादी म्हणून ओळखले जातात. नटाने कोणतीही भूमिका करावी, तो त्याचा अधिकार आहे. पण आपल्या मुलांना त्यांचा मांत्रिक ठाऊक आहे आणि त्यांचा पेरियार ठाऊक नाही. यात नटाचा दोष नाही, आपला आहे.

आता पडद्यावरून आपल्या जिल्ह्यात येऊ. भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी साचलेले असते, गवत वाढलेले असते आणि साप निघतात. सर्पदंशावरचे औषध सरकारी रुग्णालयात मिळते, परंतु पहिली धाव मांत्रिकाकडे घेतली तर हातची वेळ निघून जाते. चित्रपटात मंत्राचा उपयोग होतो, कारण कथेला तो व्हावा लागतो. बांधीत तो होत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेशाने व त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत नरबळी आहे, भुताची भीती घालणे आहे, एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे आहे. त्याचबरोबर साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणेही आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आपल्या किती विद्यार्थ्यांना हा कायदा ठाऊक आहे? मुंज्याची कथा मात्र सर्वांना पाठ आहे.

आणि ज्या जिल्ह्यात आपण राहतो, त्या जिल्ह्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील त्या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची, एक आई आणि तिची तीन मुले यांची, हत्या झाली. तेथे कोणतेही भूत नव्हते. गावातलीच माणसे होती. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरविले, परंतु अॅट्रॉसिटीचा कायदा लागू मानला नाही. आपल्या शाळेतील आजची बहुतेक मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. त्यांना काल्पनिक चेटुकवाडीचे नाव माहीत आहे, खैरलांजीचे नाही. लहान मुलांना असल्या गोष्टी सांगून घाबरवू नये, हे मी समजतो. परंतु मोठ्या वर्गातील मुलांना खोटे भय तेवढे माहीत असावे आणि खरे भय माहीतच नसावे, हीही त्यांची फसवणूक आहे. खोट्या भयाने माणूस मांत्रिकाकडे जातो. खरे भय ओळखता आले तर तो संघटनेकडे, कायद्याकडे आणि शिक्षणाकडे जातो.

हे सर्व सांगताना स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिचा अर्थ आपण पुरता उमजून घेतला आहे का? भूत ही कल्पनाच अपुऱ्या राहिलेल्या विधीतून जन्मते. मुंजीनंतरचा विधी राहिला म्हणून मुंजा, पिंड मिळाला नाही म्हणून पिशाच्च. ज्याने तो विधीच सोडला, त्याच्या घरात भूत येणार कोठून? तरीही मूल आजारी पडले की भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या काही घरांतून लिंबू-मिरची निघते. तिच्याविषयी ‘मुंज्या’च्या निर्मात्यांना दोष देऊन भागणार नाही.

कोणी विचारील, आपल्या परित्राणपाठातील रतनसुत्ताचा आरंभ तर जमलेल्या भूतांना उद्देशूनच आहे, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. पालीत भूत म्हणजे जे अस्तित्वात आले ते, प्राणिमात्र. शिवाय त्या सुत्तात भूतांना बांधलेले नाही, जाळलेले नाही, बाटलीत कोंडलेले नाही. मानवांविषयी मैत्री बाळगा, एवढेच त्यांना सांगितले आहे. मांत्रिकाची भाषा आणि तथागतांची भाषा यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

पिंपळाचेही तसेच आहे. लोकसमजुतीत मुंजा पिंपळावर राहतो. हाच वृक्ष आपला बोधिवृक्ष. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली उत्खनन झाले, तोवर जगन्नाथ टेकडी ही लोकांना केवळ जगन्नाथाची टेकडी होती. माती दूर केल्यावर तिच्या पोटात बौद्ध स्तूप सापडला. पिंपळावरही समजुतींचे असेच थर चढले आहेत. वरचा थर मुंज्याचा आहे, खाली बोधी आहे. ते थर दूर करणे हे शाळेचे काम आहे आणि त्यासाठी कुदळीची नव्हे, प्रश्नांची गरज आहे.

म्हणून माझी सूचना अशी. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना हे चित्रपट चोरून पाहू देण्यापेक्षा शाळेने सभागृहात दाखवावेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर चर्चा घ्यावी. हे भूत कोणत्या विधीमुळे झाले आणि तो विधी कोणाला नाकारला होता? या भीतीचा लाभ कोणाला होतो? पडद्यावर कोण दिसत नाही? त्या मुलीला कोणी काही विचारले का? एवढे चार प्रश्न पुरेत. त्याच आठवड्यात सर्पदंशावरील प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक व्हावे आणि जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीचे वाचन व्हावे. आणि आपला प्रदेश तर झाडीपट्टी नाटकांचा आहे. पुढील स्नेहसंमेलनात मुलांनी स्वतः लिहिलेले एखादे नाटक का नसावे, ज्यात भूत असेल आणि त्याला जात विचारणारी एक मुलगीही असेल?

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागतांनी जानुस्सोणि ब्राह्मणाला आपला एक अनुभव सांगितला आहे. बोधिप्राप्तीपूर्वी ते मुद्दाम अशा जागी रात्री राहिले, ज्या जागांच्या नावाने लोकांच्या अंगावर काटा येत असे. एखादे जनावर जवळून जाई, मोराच्या पायाने काटकी मोडे, वाऱ्याने पाने सळसळत. मनात येई, आले का ते भय? चालत असताना भय आले तर ते थांबत नसत आणि बसत नसत. चालतानाच त्या भयाचा निरास करीत. बसलेले असताना आले तर उठून पळत नसत, बसूनच त्याला पाहत. ते भयाला नाकारत नव्हते आणि त्याच्यापुढे वाकतही नव्हते. आपल्या शाळेतील मुलाला रात्री पिंपळाखालून जाताना पानांची सळसळ ऐकू आली, तर त्याने डोळे मिटून धावत सुटू नये. क्षणभर उभे राहावे, वर पाहावे आणि पिंपळाच्या पानाचा लांब, लवचीक देठ किती थोड्या वाऱ्याने हलतो, हे ओळखावे. एवढे त्याला शिकविता आले, तर या संस्थेने आपले काम केले असे मी म्हणेन.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!